स्ट्राँग हायब्रिड गाडीचे ॲव्हरेज वाढवण्यासाठी चालवण्याच्या पद्धतीत नेमके काय बदलावे?

मुठाकाठ

नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही जुनी डिझेल गाडी विकून मध्यम आकाराची स्ट्राँग हायब्रिड एसयूव्ही घेतली, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरी आणि विजेची मोटर असलेली, काही वेळ नुसत्या विजेवरही चालणारी गाडी. कंपनीचे आणि मॉडेलचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला कोणाविरुद्ध गाऱ्हाणे मांडायचे नसून गाडी समजून घ्यायची आहे. माहितीपत्रकात लिटरला २५ किलोमीटरहून अधिक ॲव्हरेजचा दावा होता; आम्हाला पुणे शहरात १७ ते १८ आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १९च्या आसपास मिळते. डिझेल गाडीच्या तुलनेत हे वाईट नाही, हे मान्य. पण अशाच गाड्या वापरणारे परिचित शहरात २२-२३ सहज मिळतात असे सांगतात, तेव्हा हा फरक कुठून पडतो ते कळत नाही.

आमचा वापर असा आहे. सकाळी मुलीला दोन किलोमीटरवरच्या शाळेत सोडून गाडी परत घरी येते. दोन-अडीच तासांनी मी तीच गाडी घेऊन कोथरूडहून कर्वे रस्त्याने शिवाजीनगरला कार्यालयात जातो आणि संध्याकाळी परततो. रात्री बहुधा भाजी-किराण्यासाठी आणखी एक फेरी होते. महिन्यातून एखाद्या वेळी ठाण्याला आईवडिलांकडे जाणे होते.

गाडी नुसत्या विजेवर चालत असल्याचे दाखवणारा मीटरवरचा हिरवा ‘ईव्ही’ दिवा शक्य तितका वेळ पेटता राहावा म्हणून मी ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबतो, तरीही थोड्या वेळाने इंजिन सुरू होतेच. ज्या केंद्रात सर्व्हिसिंग करून घेतले तेथील सल्लागाराने सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायला सांगितले आणि दोन-तीन सर्व्हिसिंग झाल्यावर ॲव्हरेज आपोआप वाढेल, असेही सांगितले. शिवाय खंडाळ्याचा घाट उतरताना बॅटरी अर्ध्या वाटेतच पूर्ण भरते आणि मग इंजिन मोठ्याने घरघरू लागते. त्या वेळी पेट्रोल फुकट जळते का, हेही जाणून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

यंत्रवेडा

आपण वापराचे वर्णन नीट दिले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझ्या मते आपल्या कमी ॲव्हरेजचे मुख्य कारण ॲक्सिलरेटर दाबण्याची पद्धत नसून थंड इंजिनावर होणाऱ्या छोट्या फेऱ्या हे आहे. मात्र त्याआधी माहितीपत्रकातल्या आकड्याविषयी थोडे लिहितो, कारण तुलना कशाशी करायची हे ठरल्याशिवाय पुढची चर्चा व्यर्थ आहे.

मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या जोडीच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्तीचा जाहीर आकडा २७.९७ आहे, तर २०२२ साली आलेल्या होंडाच्या सिटी हायब्रिडचा सुरुवातीचा आकडा २६.५ होता. हे आकडे रस्त्यावर मोजलेले नसतात. प्रयोगशाळेत रोलरवर गाडी ठेवून ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ती चालवली जाते. या भारतीय चाचणी-चक्राची लांबी साधारण साडेदहा किलोमीटर, कालावधी वीस मिनिटांच्या आत, सरासरी वेग ताशी ३२-३३ किलोमीटर आणि कमाल वेग ९० असतो. एसी बंद असतो, चढ नसतो, खड्डे नसतात आणि समोर अचानक थांबणारी रिक्षाही नसते. त्यामुळे जाहीर आकड्याच्या तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश ॲव्हरेज प्रत्यक्षात मिळत असेल तर गाडीत दोष आहे असे मी मानणार नाही. आपले १७-१८ त्याहून थोडे कमी आहे आणि तेवढाच भाग सुधारण्याजोगा आहे.

आता छोट्या फेऱ्यांविषयी. थंड गाडी सुरू केल्यावर बॅटरी भरलेली असली तरी काही क्षणांतच इंजिन चालू होते, हे आपण पाहिले असेल. ते गाडी पुढे नेण्यासाठी नव्हे, तर स्वतः तापण्यासाठी आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवण्यासाठी चालते, कारण कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय धूर स्वच्छ होत नाही. कूलंट, म्हणजे इंजिनाभोवती फिरणारे द्रव, पुरेसे तापेपर्यंत संगणक इंजिन मोकळेपणाने बंदही करत नाही. शाळेपर्यंतचे दोन किलोमीटर संपेतोवर ही तयारी जेमतेम पूर्ण होते आणि नेमकी तेव्हाच गाडी घरी परतून पार्किंगमध्ये उभी राहते. अडीच तासांनी इंजिन पुष्कळसे निवलेले असते आणि तोच खर्च नव्याने होतो. रात्रीच्या फेरीला तिसऱ्यांदा होतो. साध्या पेट्रोल गाडीतही हे नुकसान होते, परंतु तिचे ॲव्हरेज मुळात कमी असल्याने ते डोळ्यांत भरत नाही. हायब्रिडची सारी कमाई इंजिन बंद ठेवता येण्यात असते आणि थंड असताना नेमकी तीच सवलत मिळत नाही.

त्यामुळे शक्य असेल तर रात्रीची भाजी-किराण्याची फेरी कार्यालयातून परततानाच उरकावी, म्हणजे तापलेले इंजिन कामी येईल. एकाच वेळी अनेक ठिकाणी जायचे असेल तर सर्वांत लांबचे ठिकाण आधी गाठावे आणि जवळची कामे परतीच्या वाटेवर करावीत; पहिल्याच सलग पल्ल्यात इंजिन पूर्ण तापले की पुढचे सगळे थांबे स्वस्तात पडतात. शाळेची फेरी दुचाकीवर किंवा पायी करता आली तर उत्तमच, पण तो घरगुती निर्णय आहे.

हिरव्या दिव्याविषयी माझे मत अनेकांना पटत नाही, तरी लिहितो. या गाडीला बाहेरून वीज मिळत नाही. बॅटरीत जे काही आहे ते एकतर ब्रेक लावताना वाचवलेले असते किंवा पेट्रोल जाळून भरलेले असते. वर उल्लेखिलेल्या एसयूव्हींची बॅटरी ०.७६ युनिटची, म्हणजे किलोवॅट-तासांची आहे आणि तिचे आयुष्य टिकावे म्हणून संगणक त्यातलाही मधलाच भाग वापरू देतो. इंजिनाची कार्यक्षमता अनुकूल स्थितीत ४० टक्क्यांच्या जवळ जाते असे धरले, तर पूर्ण बॅटरीची किंमत जेमतेम पाव लिटर पेट्रोलाइतकी होते. हायब्रिडची बॅटरी ही बँकेतली मुदत ठेव नव्हे, दुकानाच्या गल्ल्यातली चिल्लर आहे. ती येत-जात राहण्यातच तिचा उपयोग.

आपण सिग्नल सुटल्यावर ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबून ४० पर्यंतचा सगळा वेग बॅटरीवर गाठता, तेव्हा ती भराभर उतरते. मग खालच्या पातळीला पोहोचल्यावर इंजिनाला गाडी ओढणे आणि बॅटरी भरणे अशी दोन्ही कामे करावी लागतात. पेट्रोलची वीज, विजेची बॅटरीत साठवण आणि पुन्हा तिची गती, या प्रत्येक टप्प्यावर काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. त्याऐवजी सिग्नलवरून निघताना मीटरवरची सुई ‘इको’ पट्ट्याच्या वरच्या भागात राहील इतपत मोकळेपणाने ॲक्सिलरेटर द्यावा, इंजिन सुरू झाले तर होऊ द्यावे, आणि हवा तो वेग मिळाला की पाय क्षणभर उचलून पुन्हा अगदी अलगद टेकवावा. सपाट रस्त्यावर इंजिन बंद होऊन वेग राखण्याचे काम मोटरकडे जाते, आणि त्या कामाला वीज फार लागत नाही. इंजिन मध्यम भारावर उत्तम चालते, अगदी कमी भारावर ते पेट्रोलाच्या मानाने फार थोडे काम करते. म्हणून चालू आहे तोवर त्याच्याकडून पुरेसे काम करून घ्यावे आणि काम नसेल तेव्हा ते बंद राहील असे पाहावे.

थांबतानाही असेच. पुढचा सिग्नल लाल दिसताच पाय उचलावा आणि ब्रेक लवकर पण हलका दाबावा. जोरात ब्रेक दाबला की मोटर जनरेटर होऊन जेवढी ऊर्जा घेऊ शकते त्यापेक्षा जास्त मागणी होते आणि उरलेले काम साध्या ब्रेक पॅडना करावे लागते. तेवढी ऊर्जा चाकापाशीच उष्णता होऊन संपते.

न्यूट्रलचा सल्ला मात्र कृपया पाळू नये. टोयोटा पद्धतीच्या हायब्रिड प्रणालीत गाडी न्यूट्रलमध्ये असताना बॅटरी भरत नाही, एसी चालू असेल तर उलट उतरत राहते. मॅन्युअल गिअरच्या गाडीत क्लच वाचवण्यासाठी जडलेली ही सवय इथे निरर्थक आहे. सिग्नलला ‘डी’मध्येच, म्हणजे गाडी पुढे चालवण्याच्या नेहमीच्या गिअरमध्येच, ब्रेकवर पाय ठेवून थांबावे. सर्व्हिसिंगने ॲव्हरेज वाढते, या म्हणण्यालाही फारसा अर्थ नाही. नवे इंजिन थोडे मोकळे झाल्याने किंचित फरक पडतो, पण तो शोधायला गेल्यास सापडणारही नाही इतका लहान असतो.

घाटवाट

यंत्रवेडा यांनी शहराचा भाग चांगला उलगडला आहे. मी घाट आणि द्रुतगती मार्गापुरते लिहितो, कारण माझा प्रवास मुख्यतः त्याच वाटेवर होतो.

खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत सुमारे ५०० मीटरचा उतार आहे. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन दीड टन मानले, तर एवढ्या उंचीवरून उतरताना जवळपास २ युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातून हवेचा आणि टायरचा विरोध वजा केला तरी उरलेली ऊर्जा तुमच्या बॅटरीच्या वापरता येणाऱ्या भागाच्या दुपटीहून अधिक भरते. म्हणजे बॅटरी अर्ध्या वाटेत भरणे हा दोष नसून साधा हिशेब आहे. त्यानंतर गाडी जादा ऊर्जा कुठेतरी खर्च करायची म्हणून इंजिनाला मोटरने फिरवते; तीच ती घरघर. त्या वेळी इंजिनात पेट्रोल जात नाही. मीटरवर तात्कालिक ॲव्हरेजचा पडदा लावून पाहा, आवाज टिपेला पोहोचलेला असताना काटा शेवटच्या आकड्याला टेकलेला दिसेल.

गिअरच्या दांड्यावरची ‘बी’ ही स्थिती अशा उतारासाठीच आहे, पण ती ॲव्हरेजसाठी नसून ब्रेक तापू नयेत म्हणून आहे. ‘बी’मध्ये इंजिनाचा विरोध लवकर कामाला लागतो, त्यामुळे बॅटरीत जाऊ शकली असती अशी काही ऊर्जाही त्यात खर्च होते. म्हणून वरच्या टप्प्यात ‘डी’मध्येच हलक्या ब्रेकने उतरावे आणि बॅटरी भरत आली किंवा उतार तीव्र झाला की ‘बी’ लावावे. शहरात दिवसभर ‘बी’मध्ये गाडी चालवणारेही पाहिले आहेत, त्याने काहीच साधत नाही. (होंडाच्या गाडीत स्टीअरिंगमागच्या पॅडलनी हा विरोध कमी-जास्त करता येतो आणि तिथे तो आधी विजेच्याच वाटेने मिळतो, त्यामुळे तिचा हिशेब थोडा वेगळा आहे.) घाटात न्यूट्रल लावण्याचा विचारही करू नये, त्यात ऊर्जा मिळत नाहीच आणि गाडीवरचा ताबाही कमी होतो.

उतारावर भरलेली बॅटरी खोपोलीनंतरच्या सपाट रस्त्यावर लवकर संपते. पुण्याकडे परतताना तेवढेच ५०० मीटर चढायचे असतात आणि त्याला पेट्रोल लागतेच. म्हणून फक्त ठाण्याला जातानाचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये, जाऊन-येऊन मिळून हिशेब करावा.

आपल्या द्रुतगती मार्गावरच्या १९चे कारण मला वेगात दिसते. आपण वेग लिहिलेला नाही, पण सपाट भागात गाड्यांना १००ची मर्यादा असून लोक सर्रास त्याच्या वर असतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून अधिक होतो. त्या वेगाला इंजिन जवळजवळ अखंड चालू असते, ब्रेक क्वचितच लागतात आणि हायब्रिडला वाचवायला काहीच मिळत नाही. शहरात गर्दी जेवढी जास्त तेवढी ही गाडी साध्या पेट्रोल गाडीला मागे टाकते, पण मोकळ्या महामार्गावर ती एक जडशी, चांगल्या इंजिनाची पेट्रोल गाडी उरते. ८० ते ८५च्या दरम्यान क्रूझ कंट्रोल लावून डाव्या बाजूच्या मार्गिकेतून गेलात तर ठाण्याला पोहोचायला थोडा वेळ जास्त लागेल, पण फरक पहिल्याच टाकीला दिसेल. छतावर कॅरिअर लावले असेल आणि त्यावर सामान नसेल, तर ते काढून ठेवावे.

मुठाकाठ

दोघांचेही आभार. छतावर कॅरिअर खरोखरच आहे. दिवाळीत लावले ते काढलेच नाही. रात्रीची फेरी संध्याकाळच्या प्रवासाला जोडणे सहज जमेल असे वाटते.

आणखी दोन गोष्टी विचारतो. उन्हाळ्यात एसीमुळे इंजिन वारंवार सुरू होते, त्यावर काही उपाय आहे का? आणि पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे ॲव्हरेज कमी झाले असे बरेच जण म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे?

टाकीफुल्ल

इथेनॉलचे आधी. सम प्रमाणात घेतलेल्या पेट्रोलपेक्षा इथेनॉलमध्ये सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असल्याने निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत प्रत्येक लिटरमागे ऊर्जा ६ ते ७ टक्क्यांनी कमी मिळते. पूर्वीच्या १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत ही घट साधारण ३ टक्के. इथेनॉलमुळे ऑक्टेन (इंधनाची वेळेआधी न पेटण्याची क्षमता) वाढते आणि त्याचा लाभ घेण्याजोगे इंजिन असेल तर थोडीफार भरपाई होते, पण पूर्ण होत नाही. म्हणजे २० देणारी गाडी साडेएकोणीस देईल, १७ नव्हे. उसाला भाव मिळतो म्हणून सांगली-कोल्हापूरकडचे माझे नातेवाईक या विषयावर माझ्याशी भांडतात, तो भाग निराळा. पंपावरचे महागडे प्रीमियम पेट्रोल भरून ही घट भरून निघेल अशी आशा ठेवू नये. जादा दराइतके ॲव्हरेज त्यातून मिळत नाही.

खरे म्हणजे एवढ्या बारीक फरकांची चर्चा करण्याआधी मोजमाप नीट हवे. गाडीच्या पडद्यावर दिसणारा आकडा सहसा थोडा उदार असतो. त्याच पंपावर, शक्य तर त्याच मशीनवर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होताच थांबून टाकी फुल करावी, किलोमीटर टिपून ठेवावेत आणि पुढच्या वेळी तसेच करून भागाकार करावा. एका टाकीचा आकडा फसवतो, सलग काही टाक्यांची सरासरी घ्यावी. पंपावरचा मुलगा पैसे पूर्णांकात आणण्यासाठी आणखी थोडे ओतू लागला तर त्याला नम्रपणे थांबवावे. आपल्या परिचितांचे २२-२३ पडद्यावरचे आहेत की टाकीचे, हेही एकदा विचारून पाहावे.

रानजाई

मी हीच प्रणाली असलेली गाडी पुण्यात चालवते, म्हणून एसीविषयी लिहिते. या गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर नसून विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असतानाही गारवा टिकतो. पण ती वीज त्याच लहानशा बॅटरीतून जाते आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात तापलेली गाडी गार करताना इंजिन तिला भरण्यासाठी सारखे सुरू होते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या काचा आधी उघडून, थोडे अंतर जाऊन आतली तापलेली हवा बाहेर घालवावी, मग काचा लावून आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबावे आणि तापमान २५-२६वर ठेवावे. १८वर ठेवल्याने गाडी लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर मात्र जोरात चालत राहतो. पावसाळ्यात समोरच्या काचेवरचे धुके घालवण्याचे बटण दाबून लोक ते विसरतात. ते चालू असेतोवर बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसरही चालतो. काच स्वच्छ झाली की बंद करावे.

यंत्रवेडा यांच्या वेग घेऊन अलगद सोडण्याच्या पद्धतीविषयी मात्र एक दुरुस्ती सुचवते. मोकळ्या रस्त्यावर ती चालते, पण संध्याकाळी कर्वे रस्त्यावर तिच्या मागे लागलात तर मागचे दुचाकीस्वार दोन्ही बाजूंनी घुसतात आणि शेवटी जोरात ब्रेक लावावाच लागतो. तिथे मी एवढेच करते की पुढच्या गाडीपासून अंतर थोडे जास्त ठेवते आणि रांग सरकत असताना पूर्ण थांबण्याऐवजी सरपटत राहते. अशा रांगेत इंजिन चालू आहे की बंद, याकडे बघणेही मी सोडून दिले; ते काम संगणकाला माझ्यापेक्षा चांगले जमते. ‘ईव्ही’चे बटणही त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मागे-पुढे करण्यापलीकडे वापरत नाही.

टायरचा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही. हवा टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघाल्यावर लगेचच्या पंपावर, चालकाच्या दारापाशी असलेल्या स्टिकरवरच्या आकड्याइतकी भरून घ्यावी. माणसे आणि सामान जास्त असेल तेव्हा त्याच स्टिकरवर वेगळा आकडा दिलेला असल्यास तो पाहावा. टायर बदलण्याची वेळ येईल तेव्हा दुकानदार रुंद किंवा जाड नक्षीचे टायर सुचवेल. दिसायला ते दणकट असले तरी रस्त्यावर जास्त जड फिरतात आणि लिटरमागे एखादा किलोमीटर कायमचा जाऊ शकतो. मूळ आकाराचेच आणि कमी विरोधाचे टायर मागावेत.

शेवटची गोष्ट बॅटरीच्या हवेची. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरी गार ठेवण्यासाठी मागच्या सीटजवळच्या जाळीतून आतली हवा ओढली जाते. तिथे शाळेची दप्तरे, शाल, कुत्र्याची चादर असे काहीबाही टाकलेले असले किंवा जाळीत धूळ साचली, तर बॅटरी तापते आणि संगणक तिचा वापर आवरता घेतो. आपल्या गाडीत ती जाळी कुठे आहे ते पुस्तिकेत पाहावे आणि ती साफ करण्याचे काम सर्व्हिसिंगच्या यादीत धरले आहे का, हे गाडी ताब्यात देतानाच विचारून घ्यावे.